शाळेच्या भिंतीवरच्या बाटल्या

तुम्ही आमच्या गावाचं दुखणं यादीतून खोडलंत, आणि खोडण्याआधी आमच्याच टेबलावर बसून पोटभर जेवलात. हे आधी कबूल करा. बाकीचं मग बोलू.

आमच्या या गावात, द्रेनोवित्सात, मूत्रपिंडं सुकून माणसं मरतात. हे आजकालचं नाही, नायडेनच्या आजोबांच्याही आधीपासून. दुखत नाही, खुपत नाही. चाळिशी उलटली की कुणाकुणाचे तळहात तांब्याच्या भांड्यासारखे दिसायला लागतात, चेहरा उतरतो, आणि शेजारीपाजारी त्या अंगणात जरा हळू बोलायला लागतात. गव्हात उगवणाऱ्या एका तणाचं बी पिठात दळलं जातं आणि त्यातून हे होतं, असं शिकलेली माणसं फार उशिरा सांगू लागली. तोवर घराघरात तोच पाव खाऊन झाला होता.

नायडेन शाळेत अकॉर्डियन शिकवायचा. आता शाळा बंद आहे, मुलं शहरात गेली. त्याच्याकडे उरलंय ते अकॉर्डियन आणि मुलगी, इस्क्रा. इस्क्राने यंदा चाळिशी ओलांडली.

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी दर ऑक्टोबरात, द्राक्षं तुडवून झाली की, तपासणीची पांढरी गाडी यायची. त्या दिवशी सकाळी सगळं गाव आपापली लघवीची बाटली घेऊन शाळेपाशी यायचं. सरबताच्या बाटल्या, लोणच्याच्या बरण्या, जे असेल ते. बायका त्या वर्तमानपत्रात अशा नीट गुंडाळायच्या, की वाटावं कुणाच्या वाढदिवसाला निघाल्यात. शाळेच्या बुटक्या भिंतीवर रांग लागायची. शेजारी लांब टेबल, त्यावर चीज भरलेली गरम बानित्सा, नवी वाइन, आणि टोकाला बसून नायडेन अकॉर्डियन वाजवायचा.

"ए मेतोदी, एवढी मोठी बरणी? घोड्याची पण आणलीस काय?"

"घोड्याला विचारलं होतं. म्हणाला, आधी माणसांचं बघा."

हाच मेतोदी एका वर्षी बाटलीत पांढरी वाइन भरून आला होता. डॉक्टर गेन्चेव म्हातारा, पण बेरकी. त्याने बाटली हुंगली, सगळ्यांसमोर एक घोट घेतला आणि म्हणाला, "मूत्रपिंडं उत्तम आहेत. जरा आंबट लागतंय, अजून महिनाभर पिंपात ठेवा." हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. ज्यांचा निकाल वाईट यायचा त्यांना तोच गेन्चेव भिंतीच्या कोपऱ्याला नेऊन, खांद्यावर हात ठेवून सांगायचा. लवकर कळलं की औषधपाणी लवकर व्हायचं, वर्षं मिळायची. कुणी बरं व्हायचं नाही. पण वर्षं मिळायची.

रुसालिना त्याच गाडीतून आली होती. नदीपलीकडची. तिचं काम बाटल्यांवर नावं चिकटवण्याचं.

"नाव?"

"नायडेन."

"वय?"

"लग्नाचं."

"तेवढं बाटलीवर मावत नाही," ती म्हणाली, आणि वर न बघता पुढची बाटली उचलली. पण कान लाल झालेले त्याला दिसले. तिच्या बापाने बजावलं होतं, त्या गावात लग्न करू नकोस, तिथली माणसं टिकत नाहीत. ती तरी आली. वीसेक वर्षं तिने या गावचा पाव भाजला, खाल्ला, खाऊ घातला. आणि टिकला तो नायडेन. बाहेरून धडधाकट आलेली रुसालिना गेली.

आमच्याकडे माणूस गेलं की त्याच्या फोटोचा कागद फाटकावर लावतात, आणि दर वर्षश्राद्धाला नवा. रुसालिनाच्या फोटोत ती हसतेय. द्रेनोवित्साच्या गल्लीतून एकदा चालत जा, दुखणं वाचता येतं. डॉक्टर असायची गरज नाही.

मग तुम्ही आलात.

सगळ्या युरोपने मिळून ठरवायचं होतं, आधी कुठल्या दुखण्याकडे बघायचं. प्रत्येक देशाने आपली दुखणी मांडायची, तुम्ही त्यांना गुण द्यायचे. वरच्यांना पैसा, खालच्यांना सहानुभूती. आमच्या गाडीचं भवितव्य त्या गुणांवर होतं. म्हणून तुमचे लोक गाव बघायला येणार होते.

आदल्या दिवशी सरपंच स्टोयना घरोघर फिरली.

"नायडेनदादा, फाटकावरचा कागद काढायचाय. सगळ्यांनीच."

"का गं?"

"परदेशी पाहुणे येणार, आणि आपण दारातच मेलेली माणसं उभी करायची? काय वाटेल त्यांना?"

"खरं वाटेल."

"टोमणे नंतर मारा, दादा. चुना कमी पडला तर माझ्याकडून न्या."

नायडेन कुरकुरला, पण पाहुणा म्हटलं की आमच्या माणसाचं डोकं चालायचं थांबतं. त्याने पाणी कोमट केलं, फडक्याने कागद भिजवला, कोपरा न फाटता रुसालिनाला फाटकावरून उतरवलं आणि खणात ठेवलं. गल्लीतल्या प्रत्येकाने तेच केलं. ज्यांना शहरात जाऊन यंत्रावर रक्त धुवून घ्यावं लागतं, त्यांना पडदे लावून आत बसायला सांगितलं. तेही बसले. केस विंचरून बसले.

गाव चुन्याने पांढरंशुभ्र झालं होतं. कोकरू भाजलं, पाव फोडला, फळांची कडक राकिया ओतली. तुमच्यातल्या एका उंच बाईने दुभाष्यामार्फत विचारलं, "इथल्या लोकांची तब्येत कशी असते?"

मेतोदीची आई आणि दोन भाऊ याच दुखण्याने गेलेले. तो छाती काढून उठला. "ठणठणीत!" म्हणाला, आणि पेला उंचावला. सगळ्यांनी आरोग्याच्या नावाने पेले उंचावले. नायडेनने होरोच्या फेरनाचाची धून धरली आणि ती बाई हात धरून आमच्यात नाचली. गाल लाल झाले तिचे. छान नाचली, खोटं कशाला बोलू.

पाहुण्याने तब्येत विचारली तर बरी आहे म्हणायचं, एवढंच आम्हाला शिकवलंय. पण तुम्ही पाहुणे म्हणून आला नव्हतात. तुम्हाला पडदा बाजूला करायला कुणी शिकवलं नव्हतं?

यादी लागली. एकटेपणा वर होता, लठ्ठपणा वर होता. असू देत, तीही माणसंच. आमचं दुखणं सगळ्यांत खाली, शेजारी शेरा: जवळजवळ संपलेलं. गाडी बंद.

नायडेनने तुमच्या राजधानीतल्या कार्यालयात फोन लावला. पलीकडचा आवाज गोड होता.

"काका, सगळ्या देशांत मिळून तुमचे रोगी किती? मूठभर. शिवाय पाहणी झालीय. लोक नाचत होते असं लिहिलंय."

"नाचतो आम्ही. मरायच्या आदल्या वर्षीही नाचतो. मग?"

"तुमची भावना पोहोचवतो."

"भावना राहू दे रे. लघवी पोहोचवू का?"

तिकडून फोन ठेवला गेला.

त्या संध्याकाळी इस्क्रा पीठ मळत होती. पीठ आता दुकानातलं असतं, पण चाळीस वर्षांचं काय करायचं? नायडेन तिच्या हातांकडे बघत राहिला.

"बाबा, काय बघतोस?"

"काही नाही."

"मग दिवा कशाला जवळ आणलास?"

त्याने दिवा मागे सारला. तिने तळहात पिठात खोल दाबले आणि तसेच ठेवले. "गेन्चेव असता," ती हळूच म्हणाली, "तर सांगितलं असतं. वाईट असतं तरी हसवून सांगितलं असतं."

ऑक्टोबर आला. द्राक्षं तुडवून झाली. नायडेनने खणातून रुसालिना काढली आणि फाटकावर चिकटवली. शेजारणीने बघितलं, घरात गेली, आपला कागदावरचा नवरा घेऊन आली. दुपारपर्यंत गल्ली पुन्हा चेहऱ्यांनी भरली. स्टोयना स्वतः खळीचं भांडं घेऊन फिरत होती, कुणाच्या नजरेला नजर देत नव्हती.

दुसऱ्या सकाळी शाळेच्या भिंतीवर बाटल्यांची रांग लागली. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. टेबल मांडलं, बानित्सा आली, नायडेन जुन्या जागी बसला. मेतोदीने बरणी ठेवली. कुणी घोड्याचं नाव काढलं नाही, म्हणून त्यानेच काढलं. "यंदा घोड्याचीपण आणलीय. त्याचा विश्वास होता, गाडी येईल." लोक हसले, आणि हसता हसता रस्त्याकडे बघायला लागले. रस्ता मोकळा होता.

नायडेनने अकॉर्डियन मिटलं. "गाडी येत नसेल तर आपण जाऊ."

बाटल्या द्राक्षांच्या क्रेटमध्ये गवत घालून भरल्या, मेतोदीच्या ट्रकमध्ये चढवल्या, आणि राजधानीत तुमच्या संगमरवरी पायऱ्यांवर एकेक करून मांडल्या. पहारेकरी धावत आला. "काय आहे हे?"

"ठणठणीत गाव," नायडेन म्हणाला.

सगळ्यांत वरच्या पायरीवर, तुमच्या दाराला लागून, सरबताची एक बाटली आहे. तिच्यावर इस्क्राचं नाव आहे, तिच्या बापाच्या हातचं. नायडेन तिच्याशेजारीच बसलाय, उठणार नाही. दार उघडा आणि त्याला सांगा. त्या बाटलीत काय आहे?