बुचांचा हत्ती

शनिवारी संध्याकाळी पावणेसातला सुनंदा देवस्थळी यांचा हत्ती, अंबारीसकट, मैसूरमधल्या एका मराठी मंडळाच्या बाहुल्यांच्या मांडणीतून उचलून जिन्याखाली नेऊन ठेवण्यात आला. मंडळाच्या दसरा स्पर्धेचा नियम असा, की वस्तू टाकाऊ हवी आणि ती सभासदांच्याच घरातली हवी. हत्ती वाइनच्या बाटल्यांच्या बुचांचा होता.

काम चांगलं होतं हे कुणी नाकारलं नाही. पाय अख्ख्या बुचांचे, कान पातळ चकत्यांचे. पाठीवरच्या झुलीला रंग लावलेलाच नव्हता. वाइननं लाल झालेली टोकं तेवढी बाहेर ठेवली होती.

तक्रार अदितीची. तिचा दुधाच्या पिशव्यांचा मोर दुसरा येण्याच्या बेतात होता.

"वापरलेली बुचं ऑनलाइन पोत्यानं मिळतात," ती म्हणाली. "फसवणूक आहे असं मी म्हणत नाही. फक्त विचारतेय."

परीक्षक विशालाक्षीबाई. त्यांचं घराणं पणजोबांपासून मैसूरचं.

"अय्यो, एवढी बुचं आली कुठून मा? आपल्यात तर कुणी घेत नाही. हौदा? हो की नाही, नागोजीराव?"

"छे, छे," मंडळाचे अध्यक्ष नागोजीराव म्हणाले. त्यांची बुचं मिठाईच्या डब्यातून, सकाळच्या फिरण्याच्या वेळी, सुनंदाताईंच्या मागच्या दाराशी पोचली होती. अर्ध्या कार्यकारिणीची अशीच पोचली होती. नाव सांगणार नाही, असा शब्द सुनंदाताईंनी प्रत्येकाला दिला होता.

"बुचं मंडळातल्याच घरांची आहेत," त्या म्हणाल्या. "ज्यांनी दिली त्यांनी हात वर करावा. बाकी मी काही विचारत नाही."

एकाला फोन आला. एक जण प्रसाद किती उरलाय ते बघायला गेला. बाकीचे पुरुष बाहुल्यांकडे इतक्या भक्तीनं पाहत होते, की तसं पाहताना त्यांना कुणी कधी पाहिलं नव्हतं.

"विषय व्यक्तिगत पातळीवर नेऊ नये," नागोजीराव म्हणाले.

"मग ऑनलाइनच की," विशालाक्षीबाई म्हणाल्या. "सुम्ने, उगाच एवढा वाद."

म्हणजे सुनंदाताई खोटारड्या ठरत होत्या, तेही सगळ्या बायकांसमोर. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. दिलीपराव मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात व्यवस्थापक. आठ दिवसांनंतरच्या रविवारी मंडळाच्या अध्यक्षपदाला उभे आहेत, मुलांसाठी संस्कारवर्ग काढायचं आश्वासन देऊन. झुलीची बुचं जवळजवळ सगळी त्यांची.

दिलीपराव उठले.

"चौकशी समिती नेमावी," ते म्हणाले. "निःपक्षपाती."

टाळ्या पडल्या. समितीचे प्रमुख म्हणून त्यांचंच नाव एकमतानं ठरलं.

घरी जेवताना सुनंदाताईंनी विचारलं, "मला समितीपुढे यावं लागेल?"

"यावंच लागेल. बायको म्हणून सूट दिली तर लोक काय म्हणतील?"

"आणि प्रमुखांना कोण प्रश्न विचारणार?"

"कसले प्रश्न?"

"आमटी घ्या," सुनंदाताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, तिघांचे वेगवेगळे फोन आले. नागोजीरावांचा सगळ्यात सविस्तर. "वहिनी, माझी मागच्या पायातच असतील ना? तेवढी काढता येतील का?"

"येतील की. हत्ती खाली बसेल तेवढं."

"बसलेला हत्तीही छान दिसतो हो."

सोमवारी सुनंदाताईंनी विशालाक्षीबाईंना निरोप पाठवला: समितीपुढे येईन, एकच नाव सांगेन. शब्द दिलाय त्यांच्यातलं नाही. दुपारपर्यंत तो मंडळभर झाला. ज्यांना शब्द मिळाला होता ते निर्धास्त झाले आणि चौकशी सखोल व्हावी असं बोलू लागले.

दिलीपरावांनी बायकोकडे शब्द मागितलेला नव्हता. घरच्या माणसाकडे कोण मागतो? त्या रात्री त्यांनी मागून पाहिला. सुनंदाताई म्हणाल्या, विचार करून सांगते.

चौकशी गुरुवारी सहा वाजता आहे. मंगळवारी सकाळी दिलीपरावांनी ती बंद दाराआड घ्यावी अशी सूचना मांडली. विशालाक्षीबाईंनी बायकांसाठी जास्तीच्या खुर्च्या मागवल्या आहेत. दिलीपरावांनी उमेदवारी मागे घेतल्याची नोंद अद्याप नाही.