मागचा डावा पाय

आमच्या कारखान्यात खुर्च्या व्हायच्या. चांगल्या व्हायच्या असं मी म्हणत नाही, व्हायच्या एवढंच म्हणतो. मी तिथे तक्रारींचा कारकून होतो. गिऱ्हाइकांची पत्रं उघडायची, वहीत नोंदवायची आणि उत्तर धाडायचं. उत्तर एकच असल्यामुळे ते छापूनच ठेवलं होतं. ‘आपली खुर्ची डुगडुगते हे वाचून खेद वाटला. कृपया आपल्याकडची जमीन तपासून घ्यावी.’

हा मजकूर दाजींचा. दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान आणि कारखान्यातले पाय जुळवणारे. तयार झालेली प्रत्येक खुर्ची शेवटी त्यांच्यापुढे यायची. खिडकीजवळ एक दगडी ओटा होता, त्यावर चार फरशा आणि चार पायांसाठी तांबड्या रंगाच्या चार खुणा. खुर्चीचं तोंड खिडकीकडे करून दाजी ती खुणांवर ठेवायचे, पाठीवर दोन बोटं दाबायचे आणि जो पाय टेकत नसेल त्याच्या हिशेबाने बाकीचे कानशीने घासायचे. तीस वर्षं हेच. त्यांच्या ओट्यावरून उतरलेली खुर्ची ओट्यावर तरी कधी डुगडुगली नाही, हे मी शपथेवर सांगतो.

डुगडुगायची ती बाहेर. दोन वर्षांपासून पत्रं वाढत चालली होती. सगळ्यांचं रडगाणं एकच, मागचा डावा पाय. मी स्वतः सव्वाचारशे वेळा वहीत ‘मा. डा. पाय’ असं लिहिलं आणि एकदाही थांबून विचार केला नाही. विचार करणं माझ्या कामात बसत नव्हतं. दाजींचं म्हणणं असं, की हल्ली जमिनी घालणारे चोर झालेत. ताईच्या स्वयंपाकघरात आमचीच एक खुर्ची होती. तिच्या पायाखाली ताई पुठ्ठ्याची घडी घालायची आणि दाजी घर बांधणाऱ्याचा उद्धार करायचे.

मग एका शाळेने साठ खुर्च्या एकाच ट्रकमधून परत पाठवल्या. मालकांनी दाजींना आत बोलावलं आणि महिनाअखेरपर्यंत हे थांबलं नाही तर पाय जुळवायला दुसरा माणूस बघीन म्हणून सांगितलं. दाजींना निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. नुसती नोकरी गेली असती तर ते घरी बसून ताईची भांडणं ऐकत राहिले असते. पण ‘पाय जुळवता येत नाहीत म्हणून काढला’ हे ऐकून घेणारा माणूस तो नव्हता. त्या दिवसापासून त्यांचं जेवण निम्म्यावर आलं.

मालकांचे जावई नेमके तेव्हाच तीन दिवसांच्या कुठल्याशा शिबिराहून परतले होते. जाताना साधे गेलेले जावई येताना चेहऱ्यावर तेज घेऊन आले. त्यांनी सासऱ्यांना समजावलं, की अडचण खुर्चीत नाही, विचार करण्याच्या पद्धतीत आहे. आपल्या माणसांना कल्पना सुचत नाहीत. रोजच्या रोज सुचायला शिकवणारे एक सर आहेत, त्यांना आणू. मालकांना ते पटलं. खुर्ची तपासण्यापेक्षा माणसं तपासायला लाकूड कमी लागतं.

सर आले. दर दोन वाक्यांनंतर डोळे मिटून “सुचू द्या” म्हणायचे, म्हणून दुपारपर्यंत त्यांचं नाव सुचवेसर पडलं. वरच्या सभागृहात आम्ही वीस जण आमच्याच खुर्च्यांवर गोल करून बसलो होतो आणि बसल्या क्षणापासून सगळे डुगडुगत होतो. सरही डुगडुगत होते. तो त्यांना वातावरणातला उत्साह वाटला.

पहिला धडा असा, की कुठलीही कल्पना वाईट नसते. मी आयुष्यभर एका कारखान्याची पत्रं वाचली होती, त्यामुळे हे ऐकून मला माणसाची कीव आली. सगळ्यांना रंगीत चिकटपट्ट्यांचे गठ्ठे मिळाले. पाच मिनिटांत सुचेल ते लिहा, खोडू नका, हसू नका. पॉलिशवाल्याने लिहिलं, खुर्चीला तीन पाय करा. गाडीवाल्याने लिहिलं, पाच करा. जावईबापूंनी लिहिलं, पाय ही संकल्पनाच तपासून पाहा. भिंत रंगीबेरंगी झाली आणि सर तिच्याकडे लेकरू झोपलेलं बघावं तसे बघत राहिले.

दुसरा धडा डाव्या हाताने लिहिण्याचा होता, त्याने मेंदूची बंद खोली उघडते म्हणे. सुतारखात्यातला एक जण मुळात डावखुरा. त्याला सरांनी उजव्या हाताने लिहायला लावलं आणि त्याची उघडी असलेली खोलीही बंद केली. तिसरा धडा म्हणजे डोळे मिटून एक शब्द निवडायचा आणि तो अडचणीला जोडायचा. मला ‘भोपळा’ आला. भोपळा आणि मागचा डावा पाय यांचा संबंध लावण्यात माझा पाऊण तास गेला. नोकरीतला माझा तो सगळ्यात मेहनतीचा पाऊण तास.

मग ‘का’ विचारण्याचा खेळ आला. पाच वेळा का विचारलं की मुळाशी पोचतो म्हणे. सरांनी दाजींना उभं केलं. खुर्ची का डुगडुगते? दाजी म्हणाले, पाय जुळत नाहीत. का जुळत नाहीत? दाजींच्या मानेची शीर उठली. म्हणाले, मी जुळवतो, ओट्यावर जुळतात. ओट्यावरच का जुळतात?

इथे दाजींची दोन बोटं हवेतच खुर्चीची पाठ दाबू लागली. तीस वर्षांत त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं आणि ते खरंच आठवायला लागले होते. अजून एक मिनिट मिळालं असतं तर हा मजकूर इथेच संपला असता. पण सर मिनिट मोजून देणारे होते.

“ओट्याबद्दल नको, काका,” ते प्रेमाने म्हणाले. “स्वतःबद्दल बोला. आत काय डुगडुगतंय?”

सगळे हसले. दाजी खाली बसले. खाली बसल्यावर डुगडुगले, तेव्हा परत हसले. सरांनी चौथा ‘का’ गाळून पाचव्याचं उत्तर स्वतःच भिंतीवर लावलं, ‘आम्हाला बदलाची भीती वाटते.’

शिबिराच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे खाली उतरले तेव्हा मी वही घ्यायला दाजींच्या ओट्याजवळ गेलो. सफाईवाली मावशी ओटा धूत होती. तिला शिबिरात घेतलं नव्हतं, कारण तिचं काम विचाराचं नाही असं यादीत ठरलं होतं. तिने बादली ओतली. पाणी तीन फरशांवरून सरकलं आणि चौथ्या फरशीवर जाऊन तळं करून बसलं. मावशीने फडक्याने ते टिपलं, पिळलं, पुन्हा टिपलं. सवयीचं काम दिसत होतं.

मी विचारलं, हे इथेच का साचतं? मावशी म्हणाली, फरशी बसलीये ना. कधीपासून? भिंतीपलीकडे गटाराचं खोदकाम झालं तेव्हापासून, दोन वर्षं झाली की. मग सांगितलं का नाही कुणाला? तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी सुचवेसरांचा सख्खा भाऊ असावा.

“विचारलं कुणी?”

ती फरशी मागच्या डाव्या पायाखालची होती.

मी दाजींना बोलावून आणलं. मावशीला फक्त बादली परत ओतायला सांगितली. दाजींनी पाणी सरकताना पाहिलं. मग पाणसळ आणून चौथ्या फरशीवर टेकवली. काचेतला बुडबुडा एका कडेला जाऊन चिकटला. एका रुपयाच्या नाण्याच्या जाडीएवढी फरशी खचली होती. म्हणजे दोन वर्षं प्रत्येक खुर्चीचा तो पाय त्या खड्ड्यात उतरत होता आणि दाजी बाकीचे तीन घासून खुर्ची खड्ड्याच्या मापाची करत होते. सगळं काही ज्या ओट्यावर मोजायचं, तो ओटा मोजायचं कुणाच्या डोक्यात येणार? आमच्यातल्या कुणाच्याच आलं नाही. आमच्या डोक्यात भोपळे होते.

दाजी ओट्याच्या कडेवर बसले. मग मला म्हणाले, उद्या सकाळी मालकांना मीच सांगतो, तू मध्ये बोलू नकोस. चूक माझी, तोंडही माझंच.

पण सकाळी सांगायला जागाच उरली नाही. शिबिराचा समारोप होता. मालक हार घालून बसले होते आणि सुचवेसरांना शेवटी सुचलं होतं. अडचण उलटी करून पाहिली, असं त्यांनी सांगितलं. खुर्ची डुगडुगते ही तक्रार आहे असं आपण धरून चाललो. ती देणगी का नसावी? स्थिर बसलेल्या माणसाचं डोकंही स्थिर होतं. किंचित हलणाऱ्या माणसाचा मेंदू जागा राहतो. त्यांनी फळ्यावरचं कापड ओढलं. खाली लिहिलं होतं, ‘विचारखुर्ची’.

टाळ्या झाल्या. जावयांनी उभं राहून सांगितलं, की त्यांच्या एका मित्राच्या जाहिरात कंपनीने चाळीस विचारखुर्च्या मागवल्याही आहेत. मालकांनी दाजींना जवळ बोलावलं, खांद्यावर हात टाकला आणि चारचौघांत म्हणाले, की आता नेहमीसारखेच पाय जुळवा, काही बदलू नका. या चाळीस डुगडुगल्या तर तुमची दोन वर्षं पक्की. एक जरी गप्प बसली तर मात्र आपला संबंध संपला.

दाजींनी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे मालकांनी विचारलं नाही.

शनिवारी अर्धा दिवस होता. सगळे गेल्यावर दाजींनी मला थांबवलं. चौथी फरशी पहारीने उचलली, खाली वाळू-सिमेंट भरलं, फरशी बसवली, दोरा ताणून पाहिला, पाणसळ उभी-आडवी फिरवली. मी त्यांना समजावून थकलो. म्हटलं, दाजी, खड्डा तुमची नोकरी वाचवतोय, तो कशाला बुजवता? वाकड्या खुर्च्या मागतायत, वाकड्या द्या. ते म्हणाले, वाकडी खुर्ची मला कापता येत नाही. मी म्हटलं, दोन वर्षं कापलीत की.

“तेव्हा सरळ कापत होतो,” दाजी म्हणाले.

घरी ताईला कळलं तेव्हा तिने आधी मला झापलं, नवऱ्याला नंतर. म्हणाली, तुम्ही दोघं मिळून माझ्या पुठ्ठ्याला दोन वर्षं हसलात. आणि घर बांधणाऱ्या त्या बापड्याला किती शिव्या घातल्यात, त्या कोण परत घेणार? मग नोकरी जाणार हे धरूनच तिने कपाट आवरायला काढलं. दाजी दिवसभर घरात असणार तर त्यांना बसायला एक कोपरा हवा, म्हणाली.

चाळीस खुर्च्या नीट केलेल्या ओट्यावरून उतरल्या. असे पाय मी उभ्या जन्मात पाहिले नाहीत. धक्का दिला तर खुर्ची सरकायची, डुगडुगायची नाही. ट्रक भरण्याआधी सुचवेसर तपासायला आले. दाजी बाजूला उभे राहिले, चेहरा लाकडासारखा. सरांनी एका खुर्चीच्या पाठीवर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि बराच वेळ तसेच थांबले.

“सूक्ष्म आहे,” ते म्हणाले. “पण आहे.”

ट्रक गेला. दाजींनी आपली हत्यारं पुसून पिशवीत भरली, कारण बसणारी माणसं काही डोळे मिटून बसणार नव्हती. बारा दिवस ते पिशवी घेऊन यायचे आणि पिशवी घेऊनच घरी जायचे. रोजचं टपाल उघडताना मी त्यांच्याकडे बघायचं टाळायचो.

तेराव्या दिवशी जाहिरात कंपनीचं पत्र आलं. जाड कागद, वर चित्र. मी ते उभ्यानेच वाचलं आणि मग बसून वाचलं. लिहिलं होतं, की विचारखुर्च्यांमुळे आमच्या कामात अभूतपूर्व फरक पडला आहे. पहिल्याच दिवसापासून सर्वांना हालचाल स्पष्ट जाणवली. बैठकीत कल्पनांचा ओघ दुप्पट झाला आहे. एका ज्येष्ठ सहकाऱ्याला सुरुवातीला थोडं गरगरलं, पण आता ते साध्या खुर्चीवर बसायला तयार नाहीत. आणखी शंभर पाठवाव्यात.

मालकांनी पत्राला चौकट करून घेतली. दाजींची दोन वर्षं पक्की झाली, वर ‘विचारखुर्ची प्रमुख’ असा बिल्ला मिळाला. सुचवेसरांना दर तीन महिन्यांनी बोलवायचं ठरलं. मी ती बातमी द्यायला ओट्यापाशी धावत गेलो. वाटलं होतं, दाजी पिशवी रिकामी करतील, निदान हसतील.

त्यांनी मला पत्र दोनदा वाचायला लावलं. ‘हालचाल स्पष्ट जाणवली’ इथे बोट ठेवून थांबले. सर्वांना? सर्वांना, मी म्हटलं. चाळीसही जणांना? तसंच लिहिलंय. त्यांचा चेहरा उतरत गेला. मी सांगून पाहिलं, की दाजी, ही माणसं मूर्ख आहेत, त्यांना सांगितलं म्हणून जाणवलं. ते ऐकत नव्हते. त्यांनी पाणसळ काढली, चारही फरशांवर फिरवली, बुडबुडा मधोमध होता तरी पुन्हा फिरवली. मग नव्या शंभरातली पहिली खुर्ची ओट्यावर ठेवली आणि मला वर चढून बसायला सांगितलं.

मी बसलो. दाजी गुडघ्यावर वाकून मागच्या डाव्या पायाकडे बघत होते.

“हलते?”

“नाही, दाजी.”

“घाई करू नकोस,” दाजी म्हणाले. “नीट विचार करून सांग.”