वरची गाठ

गाठ नखांना दाद देईना, तेव्हा मावशीने तिला दात लावले. सायकलच्या जुन्या ट्यूबची गाठ, चावताच तोंड कडू झालं. भिंगरीने मारलेली गाठ तिच्यासारखीच आडमुठी असायची.

वर्गात तिला ‘मावशी’ हे नाव भिंगरीनेच चिकटवलं होतं, नापास होऊन ती पुन्हा त्याच वर्गात बसली म्हणून. आणि परीक्षेच्या कामासाठी सरांनी नेमकी या दोघींची जोडी लावली. भंगारातल्या मोडक्या खुर्च्या एकीवर एक चढवून मनोरा करायचा. खिळा नाही, गोंद नाही, नुसत्या ट्यूबांनी बांधायचा. मावशीने आपल्या ट्यूबा डाव्या भिंतीच्या कड्यांना बांधल्या, भिंगरीने उजव्या. एक बाहेर गेली की दुसरी आपली बाजू आणखी आवळायची. बोलणं बंद, ओढाताण चालू.

यंदाही नापास झाली तर वडील मावशीला दुकानात बसवणार होते. जेवताना मीठ मागावं तसं त्यांनी ते सांगून टाकलं होतं. उद्या परीक्षक येणार आणि मनोरा उजवीकडे कललेला! त्या रागातच ती डाव्या बाजूने स्टूलवर चढून वरच्या खुर्चीला, भिंगरीच्या गाठीला भिडली होती.

गाठ सुटली. ट्यूब सपकन उजव्या भिंतीवर आपटली आणि अख्खा मनोरा मावशीच्या अंगावर आला. तिने खांदा दिला. खुर्चीचा पाय गळ्याशी रुतला. आता ना धरवत होतं, ना सोडता येत होतं.

“ए भिंगरी! इकडे ये लवकर!”

भिंगरी दारात आली, हातात चहाचा कप. तिने लोंबती ट्यूब पाहिली.

“कोणी सोडली?”

“मी.”

“मग धर आता.”

ती खिडकीला टेकली आणि फुंकर मारमारून चहा पिऊ लागली. मावशीचा खांदा थरथरायला लागला. वडिलांच्या दुकानातलं गल्ल्यामागचं उंच स्टूल डोळ्यांपुढे आलं. रडू फुटलं, ते पुसायलाही हात मोकळा नव्हता.

“पडलं तर तूही नापास होशील,” ती कशीबशी म्हणाली.

“माहीत आहे. म्हणून तर बांधतेय. तुझ्यासाठी नाही.”

भिंगरीने कप ठेवला, दुसऱ्या बाजूने टेबलावर चढून दातांचे वण उमटलेली ट्यूब ओढली.

“आणखी ओढ,” मावशी म्हणाली.

“माझ्याकडे कलेल. मग पुन्हा दात लावशील.”

“तू ओढ गं! मी इकडून ओढते.”

दोघींनी दात-ओठ खाऊन ओढलं. मनोरा करकरला आणि सरळ उभा राहिला. दोघींनी आपापली गाठ मारली. भिंगरी कप उचलून निघून गेली. जाताना “मावशी” म्हणायला विसरली नाही.

दुसऱ्या दिवशी परीक्षकांनी मनोऱ्याभोवती चक्कर मारली.

“छान जमलंय. मैत्रिणी का तुम्ही?”

“नाही,” दोघी एकदम म्हणाल्या.

परीक्षक हसले. गाठ कशी मारली आहे ते बघायला त्यांनी भिंगरीच्या ट्यूबकडे हात नेला.

“तिच्या गाठीला हात लावू नका!” मावशी ओरडली.