हॉपने प्यायलेली बिअर

ड्वेन हॅल्वरसनला अमेरिकेतल्या याकिमाच्या खोऱ्यात सगळे ओळखत. म्हणजे कॉरीनचा नवरा म्हणून ओळखत. हार्डवेअरच्या दुकानात, चर्चच्या पायरीवर, घरी बिअर करणाऱ्यांच्या क्लबात, कुठेही गेला तरी समोरचा आधी हात मिळवायचा आणि मग विचारायचा, "कॉरीननं यंदा कोणती बिअर लावलीय?" ड्वेन हसून सांगायचा. हसताना आत काय जळत होतं ते त्याचं त्यालाच माहीत.

बिअर तोही करत होता. त्याच गॅरेजात, त्याच शेगडीवर, तिच्याहून महागड्या भांड्यांत. कॉरीन त्याच्या बिअरचा घोट घ्यायची, क्षणभर थांबायची आणि म्हणायची, "पिता येते." बिअरच्या बाबतीत ती कुणाची भीड ठेवत नसे, नवऱ्याची तर नाहीच. बाकी संसारात बाई लोण्याहून मऊ होती. एवढ्या एका ठिकाणी तिची जीभ सुरी व्हायची, आणि सुरीखाली दर वेळी ड्वेनच यायचा.

क्लबाची एक रीत होती. हॉपची, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या वेलीवरच्या फुलांची, तोडणी सुरू होण्याआधी, ऑगस्टच्या शेवटी, सगळे नदीकाठच्या मैदानात जमायचे. प्रत्येकाने घरच्या आयपीएचं, म्हणजे भरपूर हॉप घातलेल्या कडसर बिअरचं, एक पिंप आणायचं. पिंपावर नाव नाही, नुसती रंगीत फीत. परीक्षक, गुण, भाषणं असली थेरं नाहीत. ज्याचं पिंप आधी रिकामं होईल तो जिंकला. "तोंडदेखलं कौतुक कुणीही करतं, पिंप खोटं बोलत नाही," असं क्लबाचा प्रमुख एफ्राइन सारागोसा दर वर्षी नव्याने सुचल्यासारखं म्हणायचा. बक्षीस म्हणून एक जुनाट लाकडी ढवळणं मिळे. त्यावर जिंकणाऱ्याचं नाव तापल्या सळईने कोरायचं. ते ढवळणं हॅल्वरसनांच्या जेवणाच्या टेबलाच्या वर, भिंतीवर टांगलेलं असायचं आणि त्यावर कॉरीनचं नाव इतक्या वेळा जाळलेलं होतं की लाकडाची कीव यावी. ड्वेनला रोजचं जेवण त्याच्याखाली बसून गिळावं लागे.

यंदा त्याने ठरवलं, ढवळण्यावर आपलं नाव येणार. कसं, तेही ठरलं होतं. हॉप!

एफ्राइन हॉपच्या मळ्यावर मुकादम होता. त्याने गेल्या मोसमातली वाळकी हॉपची फुलं पोत्याने आणून दिली, एक छदाम न घेता. जगात इतरत्र लोक हॉप चिमटीने मोजून टाकतात, कारण विकत घ्यावा लागतो. या खोऱ्यात शेजारीच तो कुंपणावरून फेकतात. फुकटच्या हॉपने इथे जितक्या बिअरींचं वाटोळं झालं असेल तितकं आळसाने आणि अज्ञानाने मिळूनही झालं नसेल. पण प्रत्येकाला वाटतं, ते इतरांचं झालं. ड्वेनलाही तसंच वाटलं.

जवाच्या काढ्याला उकळी फुटली तशी त्याने ओंजळीमागून ओंजळ सोडायला सुरुवात केली. कॉरीन दारात येऊन उभी राहिली.

"अरे, हे सगळं टाकणार आहेस?"

"आयपीए आहे ही. तुझ्या आईचं बार्लीचं सूप नव्हे."

"माझ्या आईला मध्ये आणू नकोस. हॉप बिअर पितो रे, ड्वेन. वाळकी फुलं आहेत, निम्मं भांडं शोषून बसतील."

"तू तुझी बिअर बघ."

"माझी कधीच पिंपात गेली," ती म्हणाली आणि कपडे वाळत घालायला निघून गेली.

काढा आंबला, यीस्ट शांत झालं. आता शेवटचा हॉप, वासासाठीचा. तो थोडासा टाकतात. ड्वेनने स्वच्छ उकळलेला उशीचा अभ्रा घेतला, त्यात उरलेली फुलं ठासून भरली, तोंड बांधलं आणि अख्खी उशी बिअरमध्ये बुडवली. पुढचे दोन दिवस गॅरेजातून पाइनच्या चिकाचा आणि पपनसाच्या सालीचा असा काही घमघमाट सुटला की पत्र टाकायला आलेला पोस्टमनसुद्धा रेंगाळला. ड्वेनच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पोस्टमनला तो अर्धा तास आंबवण्याचं शास्त्र समजावत होता.

मग पिंप भरायचा दिवस आला. ड्वेनने नळी लावली. बिअर सोन्यासारखी वाहू लागली, आणि वाहता वाहता थांबली. त्याने नळी हलवली, फुंकली, तिला शिव्या घातल्या. भांड्यात डोकावला. तळाशी उशी बसली होती, टम्म फुगून, भिजलेल्या रजईसारखी जड. पिंप अर्धंसुद्धा भरलं नव्हतं. तिसरा हिस्सा म्हणायचा झाला तर मन मोठं करून म्हणावं लागलं असतं.

त्याने बाह्या सरसावून उशीला हात घातला.

"पिळू नकोस," मागून आवाज आला. कॉरीन केव्हा आली होती कोण जाणे. "पिळलीस तर ओल्या गवताचं पाणी प्यायला लागेल सगळ्यांना."

"आतमध्ये माझी बिअर आहे, कॉरीन!"

"होती. आता हॉपची आहे."

ती हसली नाही, हे त्याला जास्त लागलं. हसली असती तर भांडता तरी आलं असतं. तिने पिंपाला निळी फीत बांधली आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर ते ट्रकात चढवलं. तिच्या बाजूने पिंप सहज उचललं गेलं.

निम्म्या रस्त्यात ड्वेनच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ज्याचं पिंप आधी रिकामं होईल तो जिंकला! पिंप भरलेलं असावं असा नियम नव्हता, कारण असा नियम करावा लागेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्याने चोरून बायकोकडे पाहिलं. ती रस्त्याकडे बघत होती. मैदानावर पोचलो की एफ्राइनला सांगून टाकू, असं त्याने ठरवलं. पोचल्यावर ठरवलं, सॉसेज भाजून झाले की सांगू. सॉसेज झाल्यावर एफ्राइन नेमका कुणाशी तरी बोलत होता. सभ्य माणूस दुसऱ्याच्या बोलण्यात तोंड घालत नाही, आणि त्या दुपारी ड्वेनइतका सभ्य माणूस अख्ख्या खोऱ्यात नव्हता.

निळ्या फितीसमोर रांग लागली. कुणी ग्लास नाकाशी धरून डोळे मिटत होतं, कुणी मित्राला ओढून आणत होतं. लोकांनी अजून बोटं चाटली नव्हती तोच तोटी खरखरली, फेस थुंकला आणि गप्प झाली. एफ्राइनने घंटा बडवली.

"अरे, काय हे! एवढ्या लवकर कधी वाजली होती का रे घंटा? निळी फीत कुणाची?"

ड्वेनचा हात वर गेला. असा कल्ला झाला की नदीवरची बदकं उडाली. कुणी पाठीत धपाटे घातले, कुणी कॉरीनने घरून आणलेलं ढवळणं त्याच्या हातात कोंबलं.

"ऐका," ड्वेन म्हणाला. "माझं पिंप जरा... थोडं कमी होतं."

"ऐकलंत?" एफ्राइन ओरडला. "याला म्हणतात विनय! अरे गड्या, सगळ्यांचंच थोडं कमी असतं. निम्मी आपण करतानाच ढोसतो!"

मैदान खो खो हसलं. आपण "थोडं" का म्हणालो, हे ड्वेनला नीट ठाऊक होतं. एफ्राइन सळई तापवायला गेला. आज पहिल्यांदाच कुणी ड्वेनला कॉरीनने कोणती बिअर लावलीय ते विचारत नव्हतं, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

ढवळणं काखेत मारून तो तिला शोधत गेला. ती चिनाराखाली एकटीच बसली होती, हातात रिकामा ग्लास. काठावर अजून त्याच्या बिअरचा फेस होता.

"तू रांगेत उभी होतीस?"

"मग! शेवटचा ग्लास मलाच मिळाला."

"कॉरीन, मी सांगायला हवं होतं. आत्ता जातो आणि..."

"तुला सांगायचं असतं तर ट्रकातून उतरल्या उतरल्या सांगितलं असतंस."

तो तिच्या शेजारी बसला. इतक्या वर्षांत त्याने हा प्रश्न शंभर वेळा बेफिकिरीचा आव आणून विचारला होता. आज आव आणायचं बळ नव्हतं.

"कशी होती?"

तिने ग्लास उलटा केला, उरलेले दोन थेंब गवतावर पडले. मग ती हळूच म्हणाली, "तुझ्या बिअरचा दुसरा ग्लास मला कधीच घ्यावासा वाटला नव्हता रे. आज घेणार होते. पण तू तो ठेवलाच नाहीस."

पलीकडे एफ्राइन तापलेली सळई घेऊन त्याला हाका मारत होता, नाव कोरून घ्यायला. ड्वेन बसून राहिला.