नऊ वर्षांचा जंत

सभागृहाच्या पायऱ्यांपर्यंत माणसं दाटली होती आणि व्यासपीठावर बरण्या मांडल्या होत्या. प्रत्येक बरणीत हातभर लांब, तपकिरी, बुळबुळीत काहीतरी. महाराज एकेक बरणी उंच धरून सांगत होते, "हा जंत लोभावर पोसलेला! हा सासूच्या शापावर!" वीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावूनही हे ज्ञान मला झालं नव्हतं. लोक मात्र टाळ्या पिटत होते. पहिली बरणी माझ्या ताईची होती.

मी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत शौचाचे नमुने तपासतो. तिथे जंतांवरच्या नव्या औषधाची चाचणी चालू होती. निम्म्या रोग्यांना नवं औषध, निम्म्यांना जुनं. पुड्यांवर फक्त आकडे. कुणाला काय दिलं ते मला कळू द्यायचं नाही, म्हणजे जंतांची अंडी मोजताना माझा डोळा कुणाची बाजू घेत नाही. नियम चांगला आहे, पण त्यापायीच ताई हातची गेली.

"मला कुठलं दिलंत रे?" तिने विचारलं होतं.

"माहीत नाही, ताई."

"सख्ख्या भावाला माहीत नाही? महाराजांनी तर नुसती नाडी धरून सगळं सांगितलं."

तिने पुड्या परत केल्या. तिच्यामागोमाग बाकीचेही गेले. नमुन्यांच्या डब्यांची फळी रिकामी पडली. जंतांनी शोषून ताईचं रक्त इतकं कमी झालं होतं की दोन जिने चढताना ती तीनदा बसायची. असंच चाललं तर हृदय थकेल, असं डॉक्टरीणबाईंनी मला बजावलं होतं. पण आता तिच्या घरी बायका बरणीची हकीकत ऐकायला यायच्या. भावोजी गेल्यापासून तिच्याकडे कोणी फिरकलं नव्हतं. माझ्या कामाचं नाव काढलं की लोक खुर्ची मागे सरकवतात, त्यामुळे एकटं जेवणं काय असतं ते मला ठाऊक आहे. तिची खुशी मोडवेना, म्हणून मी आठवडाभर गप्प बसलो. ती माझी चूक.

शेवटी महाराजांनी जंत पाडायला दिलेल्या कॅप्सूलपैकी चार तिच्या कपाटातून न विचारता उचलल्या. रबरी नळीत कोमट पाणी भरलं, त्यात कॅप्सूल सोडल्या, दोन्ही टोकांना चिमटे लावले. दुसऱ्या दिवशी नळी पिळली तर हातभर जंत बाहेर घसरला. सूक्ष्मदर्शकाखाली ना तोंड, ना आतडं, ना अंडी. पाण्याने फुगलेला बियांचा भुसा, डिंक आणि माती.

तो बरणीत घालून मी त्या सभागृहात महाराजांच्या रांगेत उभा राहिलो.

"नऊ वर्षांचा!" महाराज गरजले. "भावाबहिणीच्या वैरावर पोसलेला! कुठे आहे तो अभागी जीव?"

मी पिशवीतून नळी काढली. "हा घ्या तो जीव. परवाच दुकानातून आणलाय. याला भाऊ नाही, बहीण नाही, पोटसुद्धा नाही."

कोणीतरी फिसकन हसलं. मी नळीची सगळी कृती सांगितली. "हा जंत तुमच्यातून निघत नाही, कॅप्सूलमधून निघतो. तुमचे खरे जंत आत मजेत आहेत. माझ्यावरही विश्वास ठेवू नका. घरी जा, एक कॅप्सूल कोमट पाण्यात टाका आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा. जो 'माहीत नाही' म्हणून मोजायला बसतो, त्याच्याकडे या."

महाराजांना एकाएकी ध्यानाची वेळ आठवली आणि ते मागच्या दाराने गेले. लोकही पांगले. ताई एकटीच पहिल्या खुर्चीवर बसून होती.

"आता माझ्याकडे कोण येणार रे?" एवढंच म्हणून ती उठली. पायऱ्या उतरताना ती दोनदा बसली. हात द्यायची माझी हिंमत झाली नाही.

तीन दिवस प्रयोगशाळेत कोणी आलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी ताई धापा टाकत दारात आली आणि तिने रिकाम्या फळीवर एक डबी ठेवली.

"किती अंडी असतील?"

"माहीत नाही, ताई. मोजावी लागतील."

"मोज मग." तिने माझ्याजवळचं स्टूल ओढलं. "तोवर मी इथेच बसते. घरी कोणी नसतं."