रिकामा न राहणारा रकाना

"मला वेड लागलं होतं म्हणे, अकरा वर्षांपूर्वी," खिडकीतून कागद आत सरकवत बाई म्हणाल्या. "मला कुणी सांगितलंच नाही तेव्हा."

मनोरुग्णालयाच्या नोंदणी खोलीतल्या कारकुनाने चष्मा कपाळावरून खाली ओढला. सगळे त्याला कोडकाका म्हणत. डॉक्टरांनी लिहिलेल्या आजाराला जाडजूड वर्गीकरणाच्या पुस्तकातला आकडा शोधून द्यायचा, हे त्याचं चौतीस वर्षांचं काम. माणसं नावाने आत येत आणि आकडा घेऊन बाहेर पडत.

कागदावर छापलं होतं: एफ वीस, स्किझोफ्रेनिया.

"पाळणाघरात नोकरी लागलीय. जुन्या आजारपणाचा दाखला मागितला, तर तुमच्या संगणकाने हे दिलं. सोमवारी हाच कागद दिला तर लहान मुलं माझ्या हाती कोण देईल?"

काकांनी मूळ फाइल काढली. निदानाच्या ओळीत त्या वेळच्या डॉक्टरांनी एकच शब्द लिहिला होता: 'निरीक्षणाखाली'. त्याखाली लाल शाईत एफ वीस. अक्षर सुबक होतं. काकांना आपल्या अक्षराचा अभिमान होता, म्हणून ओळखायला वेळ लागला नाही.

अकरा वर्षांपूर्वी, त्या आठवड्यात सगळ्या फायली संगणकात चढवायच्या होत्या. संगणक निदानाचा रकाना रिकामा सोडू देईना. निरीक्षणासाठी वेगळा कोड होता, पण पुस्तकाच्या पार शेवटी. आणि एफ वीस बोटांना पाठ होता.

"बसा," काका म्हणाले. "चहा घेणार?"

"चहा नको. वेड काढून द्या."

काका फाइल घेऊन अधीक्षकांकडे गेले. त्यांनी आधी फाइलकडे पाहिलं, मग काकांकडे. "काका, निवृत्तीला दोन महिने राहिलेत तुमचे. कशाला नसती उठाठेव? नोंद अशी बदलत नाही. चूक कोणाची, ते लेखी द्यावं लागतं."

"देतो की. माझी."

"सेवापुस्तकात जाईल ते. चौतीस वर्षं कोरं ठेवलंत."

"कोरा ठेवायचा होता तो यांच्या निदानाचा रकाना. मी सेवापुस्तक कोरं ठेवत बसलो," काका म्हणाले. "बाईंना डॉक्टरांकडे फेरतपासणीला पाठवतो."

डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी बाईंना तासभर विचारलं. झोप, भूक, संशय, घरात कोण, काम कसं चालतं. काका साक्षीदार म्हणून कोपऱ्यात बसले होते.

"तेव्हा आवाज ऐकू यायचा, असं लिहिलंय."

"नवरा गेल्यावर नऊ दिवस. दार लावलंस का, एवढंच विचारायचा. जिवंतपणीही दुसरं काही विचारत नसे."

"मग?"

"मग थांबला. आता मीच स्वतःला विचारते."

डॉक्टर हसल्या नाहीत. "या आजाराचं निदान एका लक्षणावर होत नाही. लक्षणं किती, किती दिवस, माणसाचं रोजचं जगणं कितपत मोडलं, हे सगळं बघावं लागतं. गेलेल्या माणसाचा आवाज काही दिवस ऐकू येणं पुष्कळांना होतं. तो शोक आहे." मग त्या काकांकडे वळल्या. "पण संगणकाला काहीतरी लागेलच ना?"

काकांनी पुस्तक आधीच उघडून आणलं होतं. शेवटच्या भागातल्या एका ओळीवर बोट ठेवलं: संशयित मानसिक विकारासाठी निरीक्षण, विकार आढळला नाही.

"इतकी वर्षं हा कोड होता इथे?" डॉक्टरांनी विचारलं.

"होता. मीच तिथवर गेलो नाही."

चार वाजता नवा दाखला छापून आला. बाईंनी तो दोनदा वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला. आभार मानले नाहीत. काकांनाही ते बरं वाटलं.

"माझ्यासारखी अजून कुणी असतील?" उठताना त्यांनी विचारलं.

"त्या आठवड्यात अडीचशे फायली होत्या. त्यातल्या किती निरीक्षणाखाली होत्या, ते बघावं लागेल."

बाईंनी मान हलवली. दाराशी थबकल्या. "दार लावू का, काका?"

"असू द्या उघडंच."

काकांनी दुरुस्तीच्या कोऱ्या अर्जांचा गठ्ठा समोर घेतला. रुग्ण कोण, ते अजून ठाऊक नव्हतं. 'चूक कोणाची' हा रकाना मात्र त्यांनी एकेका अर्जावर, सुबक अक्षरात, आधीच भरायला घेतला.