शंभर यार्डांचं वावर

चांगली रायफल आयुष्यात कधी खोटं बोलत नाही, असं देवराव वैरागड्यांनी गंभीरपणे सांगितलं, श्वास रोखला, आणि पाचवी गोळीही आधीच्या चारांसारखीच काळ्या वर्तुळाच्या मध्यापासून इंचभर खाली मारली.

शेजारी लाहिरी तिपाईवरच्या दुर्बिणीला डोळा लावून बसले होते.

"ग्रुप तो लाजवाब है," ते म्हणाले. "बस, जगह गलत है."

पाचही भोकं एका रुपयाखाली झाकली असती. वैरागडे सतरंजीवरून उठले, शर्टाला चिकटलेली कुसळं झटकली आणि हुशार पोराचा नापासाचा निकाल बघावा तसे रायफलकडे बघत राहिले. मग खिशातून एक रेशमी चिंधी काढली. बायकोच्या लग्नातल्या शालूचा तो तुकडा होता. नळीला दुसरं कापड चालत नाही, असं त्यांचं मत होतं. बायकोचं मत कोणी विचारलं नव्हतं.

१९६३ साल होतं. चीनच्या लढाईनंतर देशाला नेमबाज हवेत, हे पोलाद कारखान्याच्या भट्ट्यांना विटा पुरवणार असलेल्या एका खाजगी कंपनीच्याही लक्षात आलं होतं. कंपनीनं अजून एकही वीट केली नव्हती. जमीन घेतली होती, आणि जमिनीवर तूर्त रायफल क्लब होता. कंपनीच्या जमीन खात्याचे साहेब वैरागडे हे त्याचे सेक्रेटरी. प्रयोगशाळेचे लाहिरी हे खजिनदार. लाहिरींकडे जुनी पिस्तुलं होती. मखमलीच्या पेटीत एक वेब्ली, एक जर्मन माउझर. ते दर रविवारी पेटी आणायचे, उघडायचे, सगळ्यांना दाखवायचे आणि बंद करायचे. गोळी झाडली की वस्तूची किंमत उतरते, असं ते सांगत.

"काडतूस ओलं असंल," वैरागडे म्हणाले.

"सारे बॉक्स एक ही लॉट के हैं. ट्रिगर?"

"ट्रिगर लोण्यासारखा आहे."

"फिर आपका दिल. धड़कन से भी होता है. सुबह चाय ली थी?"

वैरागड्यांनी चहा घेतला होता. यावर पाऊण तास चर्चा झाली. त्या काळात दोघांनी मिळून सहा उकडलेली अंडी खाल्ली. बंदुकीच्या तेलाच्या बोटांनीच सोलली आणि टरफलं नांगराच्या तासात फेकली. तास अजून दिसत होते. मागल्या वर्षीपर्यंत तिथं धान होतं.

साखळीवाला देवाजी बाजूला उकिडवा बसून ती टरफलं बघत होता. कंपनीत जमीन मोजणं हे त्याचं रोजचं काम. रविवारी तो क्लबचं टार्गेट बदलायचा. भंडाऱ्याकडून आलेला माणूस, बायकापोरं गावी. ज्याचं हे वावर होतं त्या नत्थूच्याच घरी खुर्सीपार गावाजवळ तो एका खोलीत भाड्यानं राहायचा आणि नत्थूच्या बायकोच्या, रुक्माच्या, हातचं जेवायचा.

क्लबवर रोजानं राबणारा नत्थू चहाची किटली घेऊन आला. किटली खाली ठेवली, पण गेला नाही.

"साहब," तो म्हणाला, "मोर खेत ला एक पइत अउ नाप देव."

वावर पुन्हा मोजा, हे तो सलग तिसऱ्या रविवारी म्हणत होता. पाच एकर किंवा त्याहून जास्त जमीन ज्यांची गेली, त्यांच्या घरचा एक माणूस कंपनीत कायम लागणार होता. नत्थूचं वावर तीन साखळ्या रुंद आणि सात साखळ्या लांब भरलं, म्हणजे चार एकर ब्याऐंशी डिसमिल. डिसमिल म्हणजे एकराचा शंभरावा भाग; पाच एकराला अठरा डिसमिल कमी. भावाभावांत वाटणी तोंडी झालेली, त्यामुळं पटवाऱ्याकडं वेगळा कागद नव्हता. कंपनीची मोजणी हाच कागद. यादी महिनाअखेर बंद होणार होती.

"अरे, मोजलं ना एकदा," वैरागडे म्हणाले. "या देवाजीनंच मोजलं. तुझा भाडेकरू आहे तो, तुझं वाईट करंल काय? लोखंडाची साखळी आहे. लोखंड खोटं बोलते का?"

नत्थूनं देवाजीकडं बघितलं. देवाजीनं चहाच्या कपांकडं बघितलं.

"साहब बरोबर कहत हे," नत्थू म्हणाला आणि रिकामी टरफलं वेचू लागला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

तेव्हाच लाहिरींनी दुर्बिणीवरून मान वर केली.

"वैरागडेजी, एक बात. ये फासला नापा किसने?"

"कोणतं?"

"यहाँ से टार्गेट तक."

"शंभर यार्ड आहे. या बांधापासून त्या बांधापर्यंत. तीन साखळ्या, तीनशे फूट. म्हणून तर ही जागा घेतली, आयती बसली." वैरागडे थांबले. "साइट मी नागपूरच्या रेंजवर शंभरला लावून आणली आहे."

"अगर फासला ज़्यादा हो, तो गोली नीचे ही जाएगी."

वैरागड्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा आशा दिसली. रायफल निर्दोष असू शकत होती.

"पुढच्या रविवारी टेप आणा," ते म्हणाले. "स्टीलची. देवाजी, साखळी पण घेऊन ये बरं."

संध्याकाळी देवाजी नत्थूच्या अंगणात जेवायला बसला. रुक्मानं भात वाढला, वर भाजी घातली आणि समोर बसली.

"साहब का कहिस?" तिनं विचारलं.

"पाहू म्हणाले."

"तुम्ही बोलले का?"

त्याच्यासाठी म्हणून ती मधूनच मराठी बोलायची. देवाजीनं ताटातला भात संपवला आणि हात धुतला.

साखळी त्याच्या खोलीत पोत्यात पडली होती. मागल्या कार्तिकात नाल्याजवळ ती ट्रकखाली आली. मधला भाग पिळवटला. वैरागडे साहेब म्हणाले, नवीन मागवायला तीन महिने लागतील, बाजारातून जोडून आण. लोहारानं वाकडा तुकडा काढला आणि दुसऱ्या एका मोडक्या साखळीचा तुकडा घातला. साखळी शंभर फुटांची, फूटभराच्या शंभर कड्यांची. दर दहा कड्यांना एक पितळी बिल्ला. मोजणीवाला बिल्ले मोजतो. कड्या मोजत बसला तर दिवसाला एक वावर होणार नाही. बिल्ले सगळे होते.

जेवून देवाजी खोलीत गेला, पोत्याचं तोंड सोडलं, आत हात घातला. गार लोखंड हाताला लागलं. लोहारानं घातलेल्या तुकड्याच्या कड्या त्यानं बोटांनी मोजल्या. त्यानं हात बाहेर काढला, पोत्याचं तोंड पुन्हा बांधलं आणि गाठ दोनदा मारली.

रविवारी लाहिरी टेप घेऊन आले. चामड्याच्या डबीतली, चकचकीत. त्या दिवशी पिस्तुलांची पेटी उघडायचंही ते विसरले. एका टोकाला ते, दुसऱ्या टोकाला वैरागडे, दोघंही गुडघ्यावर. एवढ्या काळजीनं ती जमीन कोणी मोजली नव्हती. नत्थू टेप जमिनीला टेकवत मधून चालत होता. टेपवरचे इंग्रजी आकडे त्याला वाचता येत नव्हते.

"तीन सौ बारह फुट," लाहिरी म्हणाले. "एक सौ चार यार्ड!"

"पुन्हा."

पुन्हा तीनशे बारा.

वैरागडे उठून उभे राहिले. पँटला गुडघ्यावर माती होती. आवाज मात्र एकदम मोठा झाला.

"म्हणजे चार यार्ड! लाहिरी, तुम्ही विचार करा, चार महिने आम्ही खोट्या अंतरावर मारून राहिलो. हा निव्वळ फ्रॉड आहे. देवाजी, काढ ती साखळी. मोज कड्या. मोठ्यानं."

देवाजीनं गाठ सोडली. साखळी बांधावर पसरली आणि एकेक कडी बोटांतून सोडत मोजू लागला. साठपर्यंत सगळं ठीक होतं. शंभर म्हटलं तेव्हा हातात अजून साखळी होती.

"मोज," वैरागडे म्हणाले.

"एकशे एक. एकशे दोन. एकशे तीन. एकशे चार."

"छठे और सातवें बिल्ले के बीच चौदह," लाहिरी खाली वाकून म्हणाले. कोडं सुटल्यासारखे ते खुशीत होते. "वाह! देखा? राइफल ने पकड़ लिया. एक इंच से पकड़ लिया. इसको कहते हैं प्रिसिजन."

वैरागड्यांनी रायफल उचलली आणि तिच्या लाकडी दस्त्यावरून हात फिरवला. त्यांचे डोळे खरोखर ओले झाले होते.

"मी म्हणालो होतो ना," ते हळू म्हणाले. "खोटं बोलत नाही."

देवाजी साखळी हातात धरूनच उभा होता.

"साहेब, हे नत्थूचंच वावर आहे."

"हो, मग?"

"याच बांधापासून त्या बांधापर्यंत. याच साखळीनं मी मोजलं. रुंदीले तीन, लांबीले सात. इकडं तीनशे बारा, म्हणजे तिकडं सातशे अठ्ठावीस. मी घरी हिशोब केला. पाच एकर एकवीस डिसमिल होते साहेब. त्याची नोकरी बसते."

"घरी केला? कधी?"

"मागल्या रविवारी."

"तवा बोलला कावून नाही?" साहेबांच्या तोंडून एकदम गावची बोली निघाली.

"भेव वाटला, साहेब. साखळी मीच जोडून आणली होती."

वैरागड्यांनी रायफल सतरंजीवर ठेवली, हळुवार, नळी उजवीकडं करून.

"ते बिल कोणी पास केलं होतं?"

"तुम्ही, साहेब. 'तपासली, बरोबर आहे' लिहून सही केली."

नत्थू दोघांच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघत होता. मराठी त्याला सगळी कळत नव्हती, पण आपलं नाव आणि पाच हा आकडा त्याला कळला. त्यानं डोक्याचा पंचा काढून हातात घेतला.

लाहिरी टेप गुंडाळू लागले. खर्र खर्र आवाज बराच वेळ येत राहिला.

"हे पाय, देवाजी," वैरागडे शेवटी म्हणाले. आवाज आता मऊ होता. त्यांनी देवाजीच्या खांद्यावर हात ठेवला. "तू साधा माणूस आहेस म्हणून समजावून सांगतो. या साखळीनं आपण किती वावरं मोजली?"

"असतील चाळीस."

"सगळ्यांची याच साखळीनं. म्हणजे सगळ्यांना माप एकच. मग अन्याय कोणावर झाला? एकट्या नत्थूचं वाढवून दिलं तर बाकीच्यांवर होईल. होते की नाही? नेमबाजीची गोष्ट निराळी. तिथं इंच म्हणजे इंच. वावराला इंचाचं काय करायचं?"

"साहेब, इंच नाही. एकोणचाळीस डिस..."

"आणि साखळी तू जोडून आणली हे मी कोणाला सांगणार नाही," वैरागडे म्हणाले. "तू निश्चिंत राहा."

त्यांनी खांदा थोपटला आणि हात काढला. देवाजीच्या सदऱ्यावर बंदुकीच्या तेलाचा पंजा उमटला होता. त्यानं तो दुसऱ्या हातानं पुसला, तर डाग पसरला. मग त्यानं तो हात धोतराला पुसला, आणि मग गवताला, आणि तरी वास येतच राहिला.

"का होइस बाबूजी?" नत्थूनं विचारलं.

देवाजीनं सांगितलं. हिंदीत, मोडक्यातोडक्या, पण सगळं सांगितलं: साखळी, लोहार, चार कड्या, पाच एकर एकवीस. नत्थूनं ऐकून घेतलं. त्याच्या चेहऱ्यावर राग आला नाही. तो आला असता तर देवाजीला बरं वाटलं असतं. तो फक्त वळला आणि बांधापासून बांधापर्यंत नजर फिरवली, आणि मग वैरागड्यांसमोर जाऊन उभा राहिला. किटली नव्हती, तरी हात किटली धरल्यासारखा पुढं होता.

"अर्ज दे," वैरागडे म्हणाले. "अर्ज करने का. समझा? बघू."

त्याच दुपारी क्लबची तातडीची सभा झाली. सभासद दोनच हजर होते, पण कोरम दोनचाच होता. ठराव वैरागड्यांनी सुंदर अक्षरात लिहिला: रेंजच्या अंतरात चार यार्डांची गंभीर चूक आढळून आली. नेमबाजीच्या शुद्धतेशी तडजोड होऊ शकत नाही. टार्गेटचे खांब चार यार्ड अलीकडं घ्यावेत. सदर साखळी क्लबच्या कामी यापुढे वापरू नये. ती जमीन खात्याला परत करावी. अनुमोदन, लाहिरी.

जमीन खात्यानं, म्हणजे वैरागड्यांनी, साखळी सोमवारी परत घेतल्याची सही केली. मंगळवारी हथखोज गावाच्या बाजूला मोजणी होती. देवाजीनं विचारलं, चार कड्या काढू का साहेब? वैरागड्यांनी फायलीतून मान वर न करता सांगितलं की काम अर्धं झाल्यावर माप बदलता येत नाही.

नत्थूनं खांब उपटले आणि चार यार्ड अलीकडं पुरले. वैरागड्यांच्या पाचही गोळ्या मधोमध लागल्या. लाहिरींनी त्यांना मिठी मारली. तो कागद वैरागड्यांनी चौकटीत बसवून कचेरीत टांगला, बरोबर त्या टेबलाच्या वर, जिथं आलेले अर्ज ठेवत.

नत्थूचा अर्ज त्या टेबलावरच राहिला आणि यादी महिनाअखेर बंद झाली.

त्यानंतरच्या आठवड्यात नागपूरहून स्पर्धेचं पत्रक आलं. त्यात अंतर पन्नास यार्ड होतं. खांब आणखी अलीकडं आणायला नत्थूला पुन्हा बोलावलं. काम दुपारपर्यंत आटोपलं, म्हणून त्याची हजेरी अर्धी लागली.